घरपट्टी आणि दाराबाहेरच्या चपला

९ जानेवारी, गुरुवार

भाडेकरू! आमच्या घरात भाडेकरू!

गावच्या नगर परिषदेनं घरपट्टीची नवी आकारणी केली आहे. कागद आमच्या दाराला चिकटवून गेले. आठवड्यातून दोनदा झाडायला येणाऱ्या प्रभावतीनं तो सोलून काढला आणि देवापुढे ठेवला. "शिक्का व्हता वयनी, म्हून देवापाशी ठेवला." एकोणीस दिवस! इथे दुबईतली आमची शेजारीण हमीदा — तिचं माहेर आमच्याच गावात — तिचा भाऊ अजीज आज पाण्याचा पंप बघायला गेला, तेव्हा त्याला दिसला. त्यानं फोटो पाठवला.

घरपट्टी ४,२१२ वरून १७,६८४. क्षेत्रफळ १,६१२ चौरस फूट. घर ११४० चं आहे, मला प्रत्येक खोली तोंडपाठ आहे! आणि खाली रकाना — मालक : विष्णू व उर्मिला (नवरा-बायको, एवढं तरी बरोबर). भोगवटादार : भाडेकरू.

घराला कुलूप आहे. वर्षातले नऊ दिवस आम्ही जातो, बाकी कुलूप. भाडेकरू आला कुठून?

१० जानेवारी, शुक्रवार

डॉक्टरांचा फोन. घर तेच विकत घेणार आहेत, तिथे दवाखाना काढायचा आहे त्यांना. बातमी त्यांच्यापर्यंत पोचलीसुद्धा. गाव आहे! "मॅडम, पट्टीचं काय एवढं नाही हो. पण रेकॉर्डला भाडेकरू असलेलं घर मी कसं घेऊ? उद्या तो उठून हक्क सांगेल." मी म्हटलं, भाडेकरू नाहीच आहे. "मग कागदावरनं काढा. ३१ मार्चपर्यंत थांबतो. नंतर दुसरं बघतो."

म्हणजे सगळं या एका शब्दावर येऊन थांबलं. ३१ मार्चलाच विष्णूची नोकरी संपते, त्याचं रास अल खोरचं वर्कशॉप सुटतं. घर विकायचं, इथेच मरीनाला, मिहिकाच्या टॉवरमध्ये एक स्टुडिओ फ्लॅट घ्यायचा, लेकीच्या शेजारी राहायचं. हे मी गेल्या वर्षीच ठरवून टाकलंय. गावाला दोन म्हाताऱ्यांनी जाऊन करायचं काय? दवाखाना नाही धड. (डॉक्टर आमच्या घरातच काढतायत, ते सोडा.)

विष्णू म्हणाला, "तू बघ." एवढंच. चहात बिस्कीट बुडवत बसला.

११ जानेवारी, शनिवार

मिहिका जेवायला आली होती. तिला आकडे सांगितले. तेरा हजार चारशे बहात्तर रुपये जास्त! तिनं मोबाइलवर हिशेब केला. "फाइव्ह सेव्हंटी दिरम्स? मॉम, दॅट्स वन ब्रंच. जस्ट पे इट, खलास."

"प्रश्न पैशाचा नाही. उत्तर चुकलंय."

"ओह गॉड. टीचर मोड."

हो, टीचर मोड! बावीस वर्षं गणित शिकवलं इथल्या शाळेत. चुकलेल्या उत्तरावर बरोबरची खूण मी कधी केली नाही, आता एकसष्टाव्या वर्षी करणार नाही.

१३ जानेवारी, सोमवार

अजीजला नगर परिषदेत पाठवलं. तिथली हरकतींची सुनावणी डिसेंबरातच होऊन गेली. कारकून म्हणाला, आता जिल्ह्याच्या अपील समितीकडे जा. अट अशी की आधी सगळी रक्कम भरायची, मग भांडायचं.

भरली! पावतीवर "निषेध नोंदवून" असं लिहायला लावलं. अजीज सांगत होता, कारकुनानं तीनदा विचारलं, असं लिहायलाच पाहिजे का? त्यानं सांगितलं, "मॅडम दुबईत हायत, पण ऐकतायत." फोन चालूच होता. ऐकतच होते मी.

अंगात काय उत्साह आलाय! निवृत्त झाल्यापासून इतकी वेळेवर उठले नव्हते.

१८ जानेवारी, शनिवार

आज मोजणी! अजीज तिकडे टेप घेऊन, मी इकडे व्हिडिओ कॉलवर. हमीदा चहाचा कप घेऊन माझ्या शेजारी, जणू मॅच चाललीय.

"टेप सैल आहे, ताणा!"

"वहिनी, अजून ताणली तर भिंत येईल हातात."

"भिंत माझी आहे, येणार नाही. वाचा."

हमीदा : "अरे अजीज, नीट वाच रे, नायतर भाभी तुला बाकावर उभा करेल."

एक एक खोली केली. ओटी, माजघर, दोन्ही खोल्या, स्वयंपाकघर. स्वयंपाकघराच्या खिडकीत ऊन आलं होतं. ती खिडकी मी भांडून पूर्वेला ठेवून घेतली होती, २००३ साली, इथूनच फोनवर, मिनिटाला अडीच दिरम मोजून. गवंडी म्हणत होता दक्षिणेला बरी. आज पहिल्यांदा नीट बघितलं की माझं बरोबर होतं. आम्ही जातो तेव्हा मे महिना असतो, घाई असते, लग्नं असतात. खिडकी कोण बघतं?

बेरीज ११४०! बरोब्बर!

मग ४७२ फूट कुठून आले? अजीजला गच्चीवर चढवलं. पावसासाठी टाकलेली पत्र्याची शेड, २६ गुणिले १६, चारशे सोळा. विहिरीचा ओटा ८ गुणिले ७, छप्पन्न. चारशे बहात्तर! सर्व्हे करणाऱ्या पोरांनी विहिरीच्या ओट्याला खोली धरलंय! मी टाळ्याच वाजवल्या. हमीदानं घाबरून चहा सांडला.

क्षेत्रफळाचा निकाल लागला. आता भाडेकरू.

२२ जानेवारी, बुधवार

आकारणीच्या फाइलची नक्कल आली. त्यात सर्व्हेवाल्याचा फोटो आहे आणि खाली शेरा :

"मालक परदेशी. सायं. ७.१५ वा. बेल वाजवली, कोणी आले नाही. ओटीवर दिवा चालू. दारात पुरुषाच्या नवीन चपला. दोरीवर शर्ट वाळत. भाडेकरू कामावरून यायचा असावा."

पुन्हा एकदा वाचलं.

तो भाडेकरू मीच ठेवलाय!

२३ जानेवारी, गुरुवार

काल पुढे लिहवलं नाही. आज लिहिते.

सहा वर्षांपूर्वी आमच्या आळीत दोन बंद घरं फुटली, दोन्ही गल्फवाल्यांची. चोरांना माहीत असतं कोण कुठे आहे. म्हणून मी उपाय केला. विष्णूनं वर्कशॉपमधून टायमर आणून ओटीच्या दिव्याला बसवला — रोज संध्याकाळी सातला दिवा लागतो, दहाला विझतो. आणि प्रभावतीसाठी सूचनांचा कागद टाइप केला, लॅमिनेट केला, स्वयंपाकघराच्या दारामागे लावला.

१. साहेबांच्या जुन्या चपला दारात ठेवणे. आठवड्यातून एकदा जागा बदलणे.
२. साहेबांचा शर्ट दोरीवर टाकणे. दर खेपेला वेगळा.
३. कोणी विचारल्यास "साहेब आतच आहेत" सांगणे.

चोर फसले. सहा वर्षं एक खिळा गेला नाही. आणि सरकारही फसलं!

विष्णूला सांगितलं तर हसून हसून त्याला ठसका लागला. पाणी द्यावं लागलं. "उर्मिला, तुझा भाडेकरू फार टापटिपीचा आहे. रोज शर्ट बदलतो." हमीदाला सांगितलं तर ती म्हणाली, "भाभी, भाडं तरी घ्यायचं त्याच्याकडनं!"

मी हसले नाही. मग स्वयंपाकघरात जाऊन हसले.

२७ जानेवारी, सोमवार

पण तोच कागद माझा पुरावा! लॅमिनेट केलेला, खाली तारीख, माझी सही. जे जे सर्व्हेवाल्याला दिसलं ते सगळं त्यात लिहिलेलं आहे. अजीजला दारामागचा फोटो काढायला लावला. कोपरा जरा पिवळा पडलाय. उत्तमच. जुना आहे हे दिसतं!

३० जानेवारी, गुरुवार

वकिलातीच्या कामात सकाळ गेली. अजीजच्या नावानं मुखत्यारपत्र. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "आंटी, प्रॉपर्टी बेचने के लिए?" म्हटलं, "नहीं, लड़ने के लिए." तिनं मान वर करून पाहिलं.

येताना मीना बाझारातून आले. विष्णू तिथे दिसला! चपलांच्या दुकानातून बाहेर पडत होता, हातात पिशवी. इथे तो बूट घालतो, सेफ्टी शूज. "काय घेतलंस?" तर म्हणे, "काही नाही, एकाला द्यायचंय." घाईत होते, विचारलं नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

अपील दाखल. नकाशा, मोजमापं, फोटो, सूचनांचा कागद, प्रभावतीचा जबाब. एकूण अकरा पानं, प्रत्येकावर क्रमांक.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

तारीख नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

तारीख नाही. डॉक्टरांचा मेसेज : "मॅडम, काही प्रगती?" अंगठ्याचं चित्र पाठवलं. असली चित्रं मी एरवी पाठवत नाही.

मिहिकानं स्टुडिओ बघून ठेवलाय. एकविसावा मजला. खिडकी उघडत नाही म्हणाली. "सेफ्टी, मॉम." मी विचारलं पूर्व कुठे? तिला माहीत नव्हतं. फोनमध्ये होकायंत्र उघडून बघितलं. पश्चिम.

३ मार्च, सोमवार

तारीख मिळाली! १८ मार्च, सकाळी अकरा, जिल्ह्याच्या ठिकाणी. अजीज म्हणाला, "रोजा असंल वहिनी, पण जाईन मी. रोज्यात खोटं बोलत नाय म्हंजे साक्ष पक्की." मला फोनवरून हजर राहायची परवानगी दिली आहे. प्रभावती साक्षीला. तिच्या एसटीच्या तिकिटाचं सांगितलं तर म्हणाली, "नको वयनी, अजीजभावाच्या गाडीतनं येते, एसी हाय."

१२ मार्च, बुधवार

तयारी. प्रश्न काढले, उत्तरं काढली. विष्णूला समितीचा अध्यक्ष केलं आणि समोर बसवलं.

"बाई, घर बंद आहे तर दिवा कसा?"

"टायमर."

"शर्ट?"

"सूचना क्रमांक दोन."

"चपला?"

"सूचना क्रमांक एक."

तो म्हणाला, "चपलांचं फार विचारणार नाहीत." आणि उठून टीव्ही लावला. अध्यक्षानं असं मध्येच उठायचं नसतं म्हटलं, तर त्यानं आवाज वाढवला.

१८ मार्च, मंगळवार

सगळं क्रमानं लिहिते.

आमचे साडेनऊ, त्यांचे अकरा. अजीजनं फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला होता. अध्यक्ष पन्नाशीचे, चष्मा कपाळावर. दोन सदस्य. बाजूला नगर परिषदेचा कारकून.

क्षेत्रफळाला चार मिनिटं लागली. मी "विहिरीचा ओटा" म्हटलं आणि एक सदस्य हसले. "ओट्यावर कोण राहतो, बेडूक?" चारशे बहात्तर फूट गेले! तिथल्या तिथे!

मग भाडेकरू. मी सूचनांचा कागद वाचून दाखवला. तिघंही हसले. तिसऱ्या सूचनेला कारकूनसुद्धा. मला वाटलं झालं.

तेवढ्यात अध्यक्षांनी चष्मा खाली घेतला. "बाई, तुम्ही शिक्षिका ना? मग हे बघा. तुमच्या कागदात लिहिलंय 'जुन्या' चपला. फोटोत चपला नव्या कोऱ्या आहेत. सोलवरचा नंबरही पुसलेला नाही. घर बंद असेल तर सहा वर्षांपूर्वीच्या चपला नव्या कशा?"

सगळे प्रश्न काढले होते, हाच नव्हता. अजीज खाली बघू लागला.

मागून प्रभावती उठली. "सायब, त्या सायेब धाडतात."

"कोण साहेब?"

"आमचे. इष्णूसायेब. दर सालाला येक जोड. हमीदाबायच्या मानसांसंगं. आठ नंबर. जुन्या पाऊस-उनानं कडक व्हतात ना, मग मी त्या टाकते नि नव्या ठेवते."

अध्यक्ष म्हणाले, "चोराला फसवायला नव्या चपला कशाला?"

"चोराला न्हाई वो. म्हनतात, आम्ही परत आलो की पायाला लागायला नकोत."

अजीजनं हळूच सांगितलं, "खरं हाय सायेब. यंदाची जोड मी सवता घरी नेऊन दिली."

अध्यक्षांनी कारकुनाला विचारलं, वापराच्या रकान्यात 'बंद' लिहिता येतं का? कारकून म्हणाला, नाही, दोनच पर्याय आहेत. भाड्यानं, नाहीतर स्वतः. अध्यक्षांनी पेन बाजूला ठेवलं. "मग एकदाचं सांगा बाई. वर्षातले नऊ दिवस आलेल्याला मी 'राहतो' म्हणत नाही. तुम्ही इथे येऊन राहणार आहात? तसं हमीपत्र दिलंत तर 'स्वतः' लिहितो, भाडेकरू काढतो. नाहीतर आहे तसं राहील."

खिडकी आठवली. का, माहीत नाही.

म्हटलं, "राहणार."

"लिहून द्या. आजच."

दुपारी बाराला मी ते माझ्या हातानं लिहिलं, सही केली, स्कॅन करून पाठवलं. मूळ प्रत कुरियरनं गेली.

१८ मार्च, संध्याकाळी

हमीदाला इफ्तारसाठी खजूर द्यायला गेले आणि दारातच पकडलं. चपलांचं तुला माहीत होतं?

"माहीत म्हंजे? आमच्याच बॅगेतनं जातात भाभी. दर सालाला आमची भांडणं, खजूर ठेवायचा का इष्णूभाईच्या चपला." मग आवाज खाली आणून, "त्यांनी सांगितलं होतं, तुम्हाला बोलू नको. तुम्ही घर विकायचं ठरवलंत ना."

विष्णू सातला आला. बूट काढत होता. मी विचारलं.

"आठवीच्या पोरासारखी उलटतपासणी नको," म्हणाला.

"मग बोलला का नाहीस?"

"तू हिशेब मांडला होतास. तुझं गणित बरोबर असतं."

एकाच वर्गात होतो आम्ही, सांगलीला. तेव्हाही उत्तर येत असून हात वर करायचा नाही हा माणूस!

१९ मार्च, बुधवार

मिहिका : "इट्स जस्ट अ फॉर्म, मॉम. एव्हरीबडी साइन्स. यू विन, यू सेल, डन."

फॉर्म! पोरांनी परीक्षेत नक्कल करून "जस्ट अ टेस्ट, मिस" म्हटलं की मी काय करत असे, ते तिला ठाऊक आहे. तिच्याच वर्गाला शिकवलंय.

विष्णूनं जेवताना पोळी जास्त खाल्ली.

२५ मार्च, मंगळवार

जिंकलो!!

आदेशाची प्रत आली. क्षेत्रफळ ११४०. घरपट्टी ४,२१२, जशीच्या तशी. जास्तीचे पैसे पुढच्या वर्षात वळते. आणि त्या रकान्यात — भोगवटादार : स्वतः.

चारदा वाचलं. अजीजनं नगर परिषदेबाहेर पेढे वाटले, रोजा असल्यानं स्वतः एकही न खाता. हमीदानं दारात येऊन मिठी मारली, "भाभी, तुम्ही वकील का नाय झालात!" मिहिकानं केक पाठवला, वर लिहिलं होतं : मॉम १, गव्हर्न्मेंट ०.

दुपारी डॉक्टरांचा फोन आला. "अभिनंदन मॅडम! आता खरेदीखताला कधी येताय?"

दोन मिनिटं बोलले. ते आधी रागावले, मग म्हणाले, "मग दवाखाना कुठे काढू मी?" मी सांगितलं, आमच्या समोरचा प्लॉट रिकामा आहे. बघा. आम्हाला लागणारच आहे.

विष्णूच्या रजा शिल्लक आहेत. त्याला त्या आजच टाकायला लावल्या.

३० मार्च, रविवार. गाव.

टायमर उपटून कपाटात टाकला. सातला बटण मी दाबलं. सूचनांचा कागदही काढला.

दारात विष्णूच्या चपला आहेत, मातीनं माखलेल्या. शेजारी माझे दुबईचे बूट. इतकी वर्षं त्या दारात माझी चप्पल ठेवायचं मलाच सुचलं नाही. उद्या सकाळी बाजार. सहा नंबर.